पालकत्व, प्रौढ व्यक्तींचे

वयाने सज्ञान असूनही बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, मेंदूची इजा किंवा दीर्घकालीन बेशुद्धी यांमुळे स्वतःसंबंधीचे निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने दुसऱ्या व्यक्तीकडे सोपविण्याच्या व्यवस्थेस प्रौढ व्यक्तींचे पालकत्व म्हणतात. ज्याच्याकडे हा अधिकार सोपविला जातो तो पालक व ज्याच्यासाठी तो वापरावयाचा असतो ती व्यक्ती पाल्य होय. हा अधिकार पाल्याच्या देहाच्या संगोपनापुरता, मालमत्तेच्या व्यवस्थेपुरता अथवा दोहोंसाठी असू शकतो. अज्ञान मुलाचे पालकत्व आईवडिलांकडे स्वाभाविकपणे येते आणि ठराविक वयाला ते आपोआप संपते. प्रौढाचे पालकत्व मात्र कोणाकडेही आपोआप येत नाही. ते सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानेच निर्माण होते आणि बहुधा पाल्याच्या हयातीपर्यंत चालू राहते. म्हणूनच ते देताना किती द्यावयाचे व त्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

हा विषय केवळ मोठ्या इस्टेटींशी निगडित आहे, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, सदनिका किंवा वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा असणाऱ्या कोणत्याही सामान्य कुटुंबापुढे हा प्रश्न येतो. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत सर्वसाधारण कायद्याबरोबरच त्या परिसरातील स्थितीचाही विचार केला आहे.

संकल्पना : भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ अन्वये वयाची १८ वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान ठरते. हा नियम बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीसही लागू आहे. तोपर्यंत मुलाच्या वतीने सही करणाऱ्या आईवडिलांचा कायदेशीर अधिकार त्या दिवशी संपतो. मुलाचे बौद्धिक वय किती, याचा त्यावर परिणाम होत नाही. अपंगत्वाचा दाखला म्हणजेच पालकत्वाचा दाखला, असे अनेक कुटुंबे मानतात. परंतु या दोन गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्याने अक्षमतेचे प्रमाण सिद्ध होते. दुसऱ्याने निर्णयाचा अधिकार मिळतो.

अक्षमता ही सर्व बाबतींत एकसारखी नसते. रोजचे जेवण, कपडे, सोबत यांविषयी आपली पसंती स्पष्टपणे सांगू शकणाऱ्या व्यक्तीस गहाणखताचा अर्थ कळेलच असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्येही याची जाणीव दिसते. करार करतेवेळी त्याचा अर्थ समजण्याची व आपल्या हितावर होणारा त्याचा परिणाम तर्कशुद्धपणे जोखण्याची पात्रता असेल, तर ती व्यक्ती त्या करारापुरती स्थिरबुद्धी समजली जाते. एरवी मनोविकल असलेली व्यक्ती मधल्या स्थिर काळात करार करू शकते. याउलट, अशी पात्रता नसताना केलेला करार शून्य ठरतो. सक्षमता ही व्यक्तीची कायमची खूण नसून विशिष्ट वेळच्या विशिष्ट निर्णयाशी निगडित बाब आहे, हे तत्त्व आधुनिक पालकत्वविषयक कायद्याच्या मुळाशी आहे.

इतिहास : प्राचीन हिंदू विधीनुसार जन्मतः मतिमंद किंवा वेडसर असलेल्या व्यक्तीस वारसाहक्कातून वगळले जाई, मात्र तिच्या पोषणाची जबाबदारी वारसांवर असे. मालमत्ताच नसल्यामुळे तिच्या व्यवस्थेचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. १९२८ च्या अधिनियमाने बहुतेक अपात्रता दूर केल्या, तरी जन्मजात वेड व जडबुद्धित्व यांचा अपवाद राखला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यांवरून वारसाहक्क नाकारता येणार नाही, अशी तरतूद केली. यामुळे अक्षम व्यक्ती मालमत्तेची पूर्ण धनी झाली. पण ती मालमत्ता तिच्यासाठी कोणी सांभाळावी, हे त्या अधिनियमात सांगितलेले नाही.

ब्रिटिश अमदानीत १८५८ मध्ये यासंबंधी तीन कायदे झाले. त्यांपैकी एक इलाख्याच्या शहरांतील सर्वोच्च न्यायालयांसाठी, दुसरा जिल्हा न्यायालयांसाठी व तिसरा वेड्यांच्या इस्पितळांसाठी होता. मुंबई उच्च न्यायालयास १८६५ च्या सनदेने अज्ञान व मनोविकल व्यक्तींचा देह आणि इस्टेट यांविषयीचा अधिकार मिळाला. राजा हा असहाय प्रजेचा पालक होय, या इंग्लिश विधीतील तत्त्वाचा तो अवशेष आहे. मोठ्या जमीनधारकांसाठी मुंबई इलाख्यात १९०५ च्या अधिनियमाने पाल्याधिकरणाची व्यवस्था करण्यात आली. १९१२ चा भारतीय वेडेपणा अधिनियम दीर्घकाळ अमलात होता. त्यात न्यायिक चौकशीअंती स्वतःचा व मालमत्तेचा सांभाळ करण्यास असमर्थ आणि केवळ मालमत्तेची व्यवस्था पाहण्यास असमर्थ, असा भेद केलेला होता.

त्याची जागा मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ ने घेतली. तो १९९३ पासून अमलात आला. त्यानुसार जिल्हा न्यायालय देहासाठी पालक व मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमीत असे. व्यवस्थापकास स्थावर मालमत्ता विकणे, गहाण ठेवणे किंवा पाच वर्षांहून अधिक काळ भाड्याने देणे यांसाठी न्यायालयाची अनुज्ञा लागे, तसेच दरवर्षी हिशेब सादर करावा लागे. मतिमंदत्व मात्र या अधिनियमाच्या व्याख्येतून वगळले होते. परिणामी मतिमंद प्रौढांच्या पालकांना सुलभ असा मार्ग उरला नाही. ही उणीव दूर व्हावी म्हणून पालक-संघटनांनी केलेल्या प्रयत्नांतून १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला.

आंतरराष्ट्रीय विचार : विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांनी संपूर्ण पालकत्वाची पद्धत सोडली. जर्मनीत १९९२ पासून प्रौढांचे जुने पालकत्व रद्द होऊन गरजेपुरत्या कायदेशीर साहाय्याची व्यवस्था आली. जपानने २००० मध्ये प्रौढ-पालकत्वाची नवी पद्धती स्वीकारली. इंग्लंड व वेल्समधील २००५ च्या मानसिक सक्षमता अधिनियमानुसार प्रत्येक प्रौढ, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, सक्षम समजला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्याच्या १२ व्या अनुच्छेदाने कायदेशीर सक्षमतेचा समान हक्क मान्य केला आणि तो बजावण्यासाठी साहाय्य पुरविण्याचे कर्तव्य शासनांवर टाकले. भारताने हा करारनामा २००७ मध्ये अनुसमर्थित केला. व्यक्तीच्या जागी निर्णय घेणे व व्यक्तीस निर्णय घेण्यास साहाय्य करणे यांतील भेद हा या विचाराचा गाभा होय.

भारतातील सध्याची व्यवस्था : भारतात सर्व प्रौढांसाठी पालकत्वाचा एकच कायदा नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा केवळ अज्ञानांपुरता आहे. अक्षमतेच्या कारणानुसार प्रौढांसाठी निरनिराळे मार्ग आहेत.

(१) राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ : स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार स्थितींतील व्यक्तींना हा अधिनियम लागू आहे. प्रत्येक क्षेत्रासाठी, सामान्यतः जिल्ह्यासाठी, एक स्थानिक स्तर समिती असते. तीत जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती यांचा समावेश असतो. आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीस पालक नेमण्यासाठी विहित नमुन्यात अर्ज करतात. पालकाची खरोखर गरज आहे काय आणि ती कोणत्या कारणासाठी आहे, या दोन गोष्टींचा विचार समितीने करावयाचा असतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने पाल्याच्या मालमत्तेची यादी, कर्जे व येणी यांसह, सादर करावयाची असते आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावयाचा असतो. पाल्याचा छळ, हेळसांड किंवा मालमत्तेचा अपहार सिद्ध झाल्यास समिती पालकास दूर करू शकते. न्यायालयीन खर्चाविना मिळणारा हा मार्ग सामान्य कुटुंबांस सर्वांत जवळचा आहे.

(२) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ : हा अधिनियम २०१७ मध्ये अमलात आला. त्याच्या १४ व्या कलमाने मर्यादित पालकत्वाची संकल्पना आणली. पुरेसे साहाय्य देऊनही जी दिव्यांग व्यक्ती कायद्याने बंधनकारक असे निर्णय घेऊ शकत नाही, तिच्यासाठी जिल्हा न्यायालय किंवा राज्य शासनाने नियुक्त केलेले प्राधिकरण विशिष्ट कालावधीसाठी व विशिष्ट निर्णयापुरता पालक देऊ शकते. त्याने पाल्याशी विचारविनिमय करून, परस्पर विश्वासाने, संयुक्त निर्णय घ्यावयाचा असतो. असे पालकत्व वारंवार द्यावे लागत असेल, तर संपूर्ण साहाय्याचा आदेश देता येतो. मात्र त्याचे पुनर्विलोकन आवश्यक असते. अन्य कायद्यांखाली नेमलेले सर्वंकष पालकही यापुढे मर्यादित पालक म्हणूनच काम करतील, असे या कलमात म्हटले आहे. तेराव्या कलमानुसार, साहाय्य करणाऱ्याचे व दिव्यांग व्यक्तीचे आर्थिक हितसंबंध परस्परविरोधी असतील, तर साहाय्यकाने त्या व्यवहारातून दूर राहावयाचे असते.

(३) मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ : हा २०१८ मध्ये अमलात आला व १९८७ चा अधिनियम निरस्त झाला. यात पालकाऐवजी नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत आणि आपला प्रतिनिधी कोण असावा, हे पूर्वनिर्देशाने लिहून ठेवू शकते. असा निर्देश नसल्यास अनुक्रमे नातेवाईक, काळजीवाहक, मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती व अखेरीस समाजकल्याण खात्याचा संचालक यांच्याकडे हे काम येते. एखाद्याचा निर्णय इतरांस अयोग्य वाटतो, एवढ्याच कारणावरून तो अक्षम ठरत नाही, असेही हा अधिनियम सांगतो. मात्र प्रतिनिधीचा अधिकार केवळ उपचारांपुरता आहे. १९८७ च्या अधिनियमातील मालमत्तेच्या व्यवस्थेचे प्रकरण नव्या अधिनियमात आले नाही. त्यामुळे दीर्घकाळ छिन्नमनस्कतेने आजारी असलेल्या व्यक्तीच्या रुग्णालयीन उपचारांस नातेवाईक संमती देऊ शकतो. पण तिच्या बँक खात्यातून त्या उपचारांसाठी पैसे काढण्याचा अधिकार त्यास या अधिनियमाने मिळत नाही.

(४) उच्च न्यायालय : अपघात, मेंदूतील रक्तस्राव इत्यादींमुळे बेशुद्धावस्थेत गेलेल्या प्रौढासाठी कोणत्याही अधिनियमात स्वतंत्र कार्यपद्धती नाही. अशा वेळी संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बेशुद्धावस्थेतील पतीसाठी पत्नीची पालक म्हणून नेमणूक करताना असहाय व्यक्तीचा पालक या नात्याने असलेल्या आपल्या अंगभूत अधिकाराचा आधार घेतला व तिच्या कामावरील देखरेख राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपविली. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती.

(५) दावे : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या ३२ व्या आदेशानुसार मनोविकल व्यक्तीच्या वतीने वादमित्र दावा लावू शकतो आणि तिच्याविरुद्धच्या दाव्यात न्यायालय तिच्यासाठी पालक नेमते. हे पालकत्व त्या दाव्यापुरते असते; इतर व्यवहारांत त्याचा उपयोग होत नाही.

स्मृतिभ्रंशाने आजारी असलेले वृद्ध या सर्व मार्गांच्या सीमारेषेवर राहतात. राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या चार स्थितींत हा आजार मोडत नाही. मानसिक आजाराच्या २०१७ च्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकाराचा अंतर्भाव असल्याने उपचारांपुरता प्रतिनिधी मिळू शकतो. मालमत्तेसाठी मात्र न्यायालयाकडेच जावे लागते.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील स्वरूप : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारांत मोटारी, दुचाकी वाहने व यंत्रभाग यांचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे हा विस्तार उत्तरेस खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोहोचला. महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सु. १० लाख होती. २०११ मध्ये ती सु. १७ लाख झाली. ही वाढ मुख्यत्वे बाहेरून आलेल्या कुटुंबांमुळे झाली. गावाकडे भावकी व शेजार यांच्या आधाराने सांभाळल्या जाणाऱ्या मतिमंद किंवा मनोरुग्ण व्यक्तीची जबाबदारी शहरातील छोट्या घरात केवळ आईवडिलांवर आली. कारखान्यांत प्रारंभी लागलेली कामगारांची पिढी आता वृद्ध झाली आहे आणि त्यांची सांभाळावी लागणारी मुले चाळिशी-पन्नाशीत आहेत. ‘आमच्यानंतर काय?’ हा अशा घरांतील मुख्य प्रश्न असून तो बऱ्याच अंशी कायद्याचाही प्रश्न आहे.

संघटित उद्योगातील कामगाराच्या अशा अपत्यास काही आर्थिक हक्क मिळतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार सभासदाच्या मृत्यूनंतर कायमचे व पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलास किंवा मुलीस वयाची अट न लावता निवृत्तिवेतन देय असते. राज्य विमा योजनेत कामावरील अपघातात मरण पावलेल्या कामगाराच्या पूर्णपणे अवलंबून असलेल्या असमर्थ अपत्यास, ती असमर्थता टिकेपर्यंत, अवलंबितांचा लाभ मिळतो. हे हक्क कागदावर निर्विवाद असले, तरी ते घेणाऱ्याच्या नावे खाते हवे आणि ते चालविणारा अधिकृत पालक हवा. वडिलांच्या हयातीत दाखला घेतला नसल्यास विधवा आईस उतारवयात सर्व कागदपत्रे जमवावी लागतात; आईही हयात नसल्यास भावंडांत सहमती होईपर्यंत रक्कम अडकून राहते.

कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार कायद्याने अक्षम असलेल्या व्यक्तीस देय असलेली ठोक रक्कम मालकाने तिच्या हाती न देता आयुक्तांकडे जमा करावयाची असे व आयुक्त ती तिच्या हितासाठी गुंतवीत अथवा योग्य व्यक्तीमार्फत खर्च करीत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हे तत्त्व कायम ठेवण्यात आले असून ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. यंत्रावर किंवा महामार्गावर डोक्यास इजा होऊन निर्णयक्षमता गमावलेल्या तरुण कामगाराच्या बाबतीत या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. परप्रांतातून एकट्याने आलेल्या ठेकेदारी कामगाराचे जवळचे नातेवाईक शेकडो किमी. दूर असतात. अशा वेळी रुग्णालयातील संमतीपासून भरपाईच्या दाव्यापर्यंत त्याच्या वतीने कोणी बोलावयाचे, हेच प्रथम ठरवावे लागते. बेशुद्ध व्यक्तीसाठी पालकत्वाचा अर्ज मुंबईतील उच्च न्यायालयात करावा लागतो. २०२५ मध्ये कोल्हापूर येथे सुरू झालेल्या खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात पुणे जिल्ह्याचा समावेश नाही.

चाकण परिसरात प्रश्नाचे स्वरूप जमिनीशी निगडित आहे. कारखाने, रस्ते व गृहप्रकल्प यांमुळे शेतजमिनींचे मोल वाढले आणि पूर्वी दुर्लक्षित असलेला प्रत्येक सहहिस्सेदार महत्त्वाचा झाला. सातबारा उताऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे पालनकर्त्याचा ‘अपाक’ शेरा असतो. तो सज्ञान होताच शेरा कमी होतो. प्रौढ अक्षम खातेदारासाठी अशी सुलभ नोंद नाही. उताऱ्यावर तो इतर खातेदारांसारखाच दिसतो. त्यामुळे मतिमंद भावाचा किंवा बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर अथवा खरेदीखतावर घेण्याचा मोह होतो. व्यवहाराचा अर्थ न समजणाऱ्या व्यक्तीचा असा दस्त नोंदला गेला तरी कायद्याने टिकत नाही आणि खरेदीदारही अडचणीत येतो. सक्तीच्या भूसंपादनात जमीन हस्तांतरित करण्यास सक्षम अशी व्यक्ती नसल्यास भरपाई न्यायालयाकडे वा संबंधित प्राधिकरणाकडे जमा करण्याची तरतूद १८९४ च्या व त्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या अधिनियमांत आहे. खाजगी विक्रीत मात्र असे संरक्षण नाही. पालक म्हणून अर्ज करणारा भाऊच त्या जमिनीचा सहहिस्सेदार असेल, तर हितसंबंधांचा विरोध उघड असतो. अशा प्रसंगी २०१६ च्या अधिनियमाचे तेरावे कलम व नियमित हिशेब यांखेरीज पाल्यास दुसरे संरक्षण क्वचितच मिळते.

अधिकाराच्या मर्यादा : पालकाचा अधिकार पाल्याच्या शरीरावर कोठवर चालतो, हा वादाचा मुद्दा आहे. पुणे जिल्ह्यातच तो तीव्रतेने पुढे आला. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील मतिमंद मुली व स्त्रियांसाठी असलेल्या शासकीय संस्थेतील काही जणींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छतेची अडचण हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटना व अपंगांसाठी काम करणाऱ्यांनी देशभर निषेध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. शस्त्रक्रिया पाल्याच्या हितासाठी होती की सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी, हा त्यातील मूळ प्रश्न होता. पालकत्वाच्या प्रत्येक निर्णयास हीच कसोटी लावावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंडीगढच्या एका प्रकरणात, सौम्य मतिमंदत्व असलेल्या सज्ञान स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीविना करता येणार नाही, असा निर्णय दिला. ती स्त्री शासकीय संस्थेत राहत होती व प्रशासनाने गर्भपाताची अनुज्ञा मागितली होती. परंतु तिला मूल हवे होते. शासन हे तिचे पालक असले, तरी तिची इच्छा त्यास डावलता येत नाही, असे या निर्णयाने स्पष्ट झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग या १९७३ मधील हल्ल्यानंतर मृत्यूपर्यंत (२०१५) जवळजवळ अचेतन अवस्थेत होत्या. त्यांच्यासंबंधी २०११ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दशकानुदशके शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांस त्यांचे खरे हितचिंतक मानले. जीवरक्षक उपचार थांबविण्यासंबंधी त्या निर्णयाने घालून दिलेली कार्यपद्धती २०१८ मध्ये बदलली. तथापि प्रतिनिधित्वाचा अधिकार प्रत्यक्ष सांभाळातून निर्माण होऊ शकतो, हे त्यातील निरीक्षण पालकत्वाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

पूरक उपाय : पालकत्व हा एकमेव उपाय नव्हे. सक्षम असताना करून दिलेले मुखत्यारपत्र पुरेसे आहे, असे पुष्कळांस वाटते. परंतु करार अधिनियमानुसार मुखत्यार नेमणारा मनोविकल होताच मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते केले, त्याच प्रसंगी ते निरुपयोगी ठरते. काही देशांत अक्षमतेनंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्रास मान्यता आहे. भारतात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. आईवडील मृत्युपत्राद्वारे किंवा भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खाजगी न्यास निर्माण करून मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवू शकतात व तिच्या उत्पन्नातून अपत्याचा सांभाळ व्हावा असे ठरवू शकतात. यामुळे मालमत्ता अपत्याच्या थेट नावे येत नाही आणि सांभाळणारा व पैसा हाताळणारा या दोन व्यक्ती वेगळ्या ठेवता येतात. दोघांचे एकमेकांवर लक्ष राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. वारसनोंद केलेली व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हेही ध्यानात ठेवणे इष्ट असते.

मूल्यमापन : विद्यमान व्यवस्थेत अक्षमतेच्या कारणावरून मार्ग ठरतो. एकाच इमारतीत राहणाऱ्या मतिमंद तरुणाच्या कुटुंबास जिल्हाधिकारी कार्यालयातील समितीकडे, छिन्नमनस्क व्यक्तीच्या कुटुंबास जिल्हा न्यायालयाकडे व बेशुद्ध कामगाराच्या पत्नीस उच्च न्यायालयाकडे जावे लागते. वस्तुतः तिघांची गरज एकाच स्वरूपाची असते. सर्व प्रौढांसाठी एकच, जिल्हा पातळीवर उपलब्ध असणारा व निर्णयागणिक मर्यादित असा कायदा असावा, अशी अपेक्षा त्यामुळे व्यक्त केली जाते. मर्यादित पालकत्वाचे तत्त्व २०१६ पासून मान्य झाले असले, तरी दाखला मिळाला म्हणजे पाल्याच्या सर्व जीवनावर अधिकार मिळाला, ही समजूत कुटुंबांत व बँकांसारख्या संस्थांतही रूढ आहे. पालकत्वाचा हेतू पाल्याची सही दुसऱ्याने करावी एवढाच नाही. जे तो स्वतः ठरवू शकतो ते त्याच्याकडेच राहावे, जे समजावून दिल्यास ठरवू शकतो ते समजावून द्यावे आणि उरलेल्या गोष्टींतच दुसऱ्याने त्याच्या वतीने व त्याच्या हितासाठी, हिशेब देऊन, निर्णय घ्यावा, हा त्या व्यवस्थेचा अर्थ आहे. आईवडिलांनी आपल्या हयातीतच सर्व अपत्यांशी बोलून ही तजवीज केल्यास पुढील पालकास अधिकाराबरोबर पाल्याच्या सवयी, आवडीनिवडी व भीती यांची माहितीही मिळते. कोणत्याही आदेशात ती नमूद केलेली नसते. परंतु चांगले पालकत्व बव्हंशी तिच्यावरच अवलंबून असते.